तशी पद्धत असते

हे लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागायला हवी. लिहिणं हे ज्यांचं काम आहे त्यांनी लिहावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे कागदावर काही उमटवलं नव्हतं. मीही आयुष्यभर केलं ते एवढंच, की आकुर्डीच्या एका शाळेत मुलांना इंग्रजी शिकवलं आणि त्यांच्या वाक्यांवर लाल शाईच्या रेघा ओढल्या. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करत राहिलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य लवकर सुचत नाही. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. माफी हा शब्द मात्र मी एरवी फार जपून वापरतो. का जपून वापरतो, ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहितो आहे.

आम्ही चिंचवडला, स्टेशनच्या अलीकडे, एका पत्र्याच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटा, आणि सहा बिऱ्हाडांत मिळून एक नळ. दादा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडून आलेले. कंपनीत लेथवर कामाला होते. घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. सकाळचा भोंगा झाला की आई भाकरी थापायला बसायची आणि दुपारचा झाला की चहाचं आधण ठेवायची. दादा यायचे ते थेट नळावर जायचे. लाकडाचा भुसा आणि सोडा घेऊन हात कोपरापर्यंत चोळायचे, तरी तेलाचा वास जायचा नाही. तो वास त्यांच्या सदऱ्याला, उशीला, माझ्या पाठीवर पडलेल्या थापेला असायचा. मग ओट्यावर बसून बशीत ओतलेला चहा फुंकत ते मला विचारायचे, "काय शिकवलं आज?" मी काहीतरी सांगायचो. त्यांना त्यातलं फारसं कळत नसे, पण ऐकताना ते बशी खाली ठेवायचे. चहा निवला तरी चालेल, पण कॉलेजचं बोलणं नीट ऐकायचं, असा त्यांचा नेम होता.

कॉलेज पुण्यात होतं. पहिल्या वर्षाला मी गेलो तेव्हा माझ्या इंग्रजीला पुण्याच्या मुलांनी नाव ठेवलं होतं, 'कंपनी मेड'. ते खोटं नव्हतं. मी इंग्रजी शिकलो ते शाळेत कमी आणि ओट्यावर जास्त. आमच्याकडचे कामगार इंग्रजी कानांनी शिकलेले होते. साहेब भराभर काय बोलतो ते ऐकायचं, त्यातलं जेवढं कानात राहील तेवढं घरी आणायचं आणि वापरायला काढायचं. बिघडलेल्या मशीनला ते 'औटाडर' म्हणत. झिजलेल्या कुठल्याही वस्तूला 'वेरंटेर' म्हणत, 'वेअर अँड टेअर' हा एकच सलग शब्द आहे असं समजून: "चप्पल पार वेरंटेर झाली राव." कायम नसलेला माणूस 'टेंपरवारी', झालेला 'परमंट'. आणि कुठल्याही अर्जाला सगळे 'बेगटुस्टेट' म्हणत, कारण कंपनीत दिलेला प्रत्येक अर्ज 'आय बेग टू स्टेट' यानेच सुरू व्हायचा. "उद्या सुट्टी पायजे, एक बेगटुस्टेट टाकून देतो," असं कुणी म्हटलं तर त्यात हसण्यासारखं कुणालाच काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. एकदा वर्गात मी 'वेरंटेर' म्हणालो आणि मागच्या तिन्ही बाकांवरची मुलं हसत सुटली. त्या दिवशी घरी येताना मी दोनशे पानी वही विकत घेतली. मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'चूक', उजवीकडे 'बरोबर'.

ती वही कशी कुणास ठाऊक, चाळीत प्रसिद्ध झाली. पहिल्या पाळीची माणसं चहा पिऊन ओट्यावर जमायची. त्यांच्यात कुठल्याही गोष्टीवरून वाद व्हायचे, आता ते इंग्रजीवरून व्हायला लागले. वाद लागला की मला हाक यायची आणि मी वही घेऊन बाहेर जायचो. मी देईन तो निकाल. वादाला तोंड फोडणारे बहुधा दोघेच असत. एक परबकाका, कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला, मूळचे मालवणकडचे. दुसरे सोपानकाका. सोपानकाका मोशीचे. इंद्रायणीकाठी त्यांचं वावर होतं, पण चार भावांत त्याचं किती येणार, म्हणून ते कंपनीत प्रेसवर लागले होते. दादांच्या लेथपासून त्यांचा प्रेस दहा पावलांवर. पाळी सुटली की सायकल आमच्या ओट्याला टेकवायची, घोटभर चहा घ्यायचा, वाद घालायचा आणि मग मोशीची वाट धरायची. येताना पिशवीत कधी वांगी, कधी मेथी, कधी ओल्या शेंगा असत. "वहिनी, घ्या," म्हणून ते पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायचे. आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं असं फार थोड्या वेळा झालं असेल.

कँटीनमध्ये एक पाटी होती. 'फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह' अशी. ती परबकाकांनीच रंगवून घेतली होती. एकदा मी म्हणालो की ते 'सर्व्ह्ड' असं हवं. परबकाका चिडले.

"तुका कोणी सांगितला? पाटी साहेबान बघितल्यान हा."

"साहेब भात बघायला आला व्हता, पाटी न्हाई," सोपानकाका म्हणाले.

"तू गप. तुझा इंग्लिश इंद्रायणीत बुडव आधी."

"अन तुजं समिंदरात. त्ये तरी लांब हाय." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तू सांग. तू सांगशील त्ये खरं."

ते मला तेव्हापासूनच मास्तर म्हणायचे. मी वही उघडली, प्राध्यापकांनी सांगितलेलं कारण वाचून दाखवलं आणि निकाल परबकाकांच्या विरोधात दिला. दादा एका कडेला बसून बिडी ओढत होते. बिडी विझली होती, तरी ते ती तशीच ओढत होते. पुढच्या आठवड्यात पाटीवर वेगळ्या रंगात एक अक्षर वाढलं. सोपानकाका मला म्हणाले, "बग, तुज्या बोलण्यावर कंपनीचा ब्रश हालला." मी त्या दिवशी किती खूश होतो, हे आज लिहवत नाही. आता माझा पुतण्या हिंजवडीला कामाला आहे. कंपनीच्या गाडीत बसून फोनवर इंग्रजी बोलतो आणि माझ्या वहीतल्या डाव्या बाजूची निम्मी वाक्यं त्याच्या बोलण्यात असतात. त्याला कुणी हसत नाही. ज्यांच्याशी तो बोलतो तेही तसंच बोलतात. ज्या गोष्टीसाठी आम्ही लाजून मेलो, ती एवढी हलकी निघावी याचा मला राग येतो. राग कुणाचा, ते मात्र कळत नाही.

झालं ते असं. सोपानकाकांचा प्रेस पट्ट्यावर चालणारा होता आणि तो पट्टा सांध्याजवळ झिजला होता. त्यांनी फोरमनला तीनदा सांगितलं होतं, "पट्टा वेरंटेर झालाय, बदला." फोरमन दर वेळी हो म्हणाला. चौथ्या दिवशी पट्टा फडफडायला लागला. प्रेसच्या बाजूला दोन शिकाऊ मुलं काम बघत उभी होती. सोपानकाकांनी बटण बंद केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. फोरमन आला, म्हणाला चालू कर. हे म्हणाले, पट्टा बदला, मग करतो. फोरमन ओरडला, हे उभेच राहिले. दादांसकट निम्म्या खात्याने हे पाहिलं. दोन दिवसांनी सोपानकाकांच्या हातात आरोपपत्र पडलं, त्याला आमच्याकडे चारशीट म्हणत. हुकूम मोडला, उत्पादन थांबवलं, अपशब्द वापरले. लेखी उत्तर द्या, नंतर चौकशी होईल, तोवर कामावर येऊ नका. पट्टा कंपनीने त्याच दिवशी बदलला.

युनियनचे लोक म्हणाले, पुण्यात आपला वकील आहे, तो उत्तर लिहील. ओट्यावर बसून दादा म्हणाले, "वकील कशाला? इंग्रजीच लिहायचं ना? आपला पोरगा लिहील." सोपानकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे आधीपासूनच त्यांच्या मनात होतं. "व्हय. मास्तर लिवल. वकिलाला काय ठावं पट्टा कसा असतो." मी नाही म्हणायला हवं होतं. मला आरोपपत्राचं उत्तर कसं लिहितात हे माहीत नव्हतं. पण चाळीसमोर, दादांसमोर, मला हे माहीत नाही असं सांगण्याची सवयच माझी मोडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. आईने पिठलं केलं होतं. जेवण झाल्यावर ते भिंतीला टेकून बसले आणि ते सांगतील तसं मी लिहून घेऊ लागलो. त्यांचं सांगणं फार सरळ होतं. आजही ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मी काम नाकारलं न्हाई. मशीन बंद केली, कारन पट्टा तुटणार व्हता अन बाजूला दोन पोरं उभी व्हती. तीनदा सांगितलं व्हतं. शिवी दिली न्हाई. चार मानसं साक्षीला हायेत." मग म्हणाले, "अन माफी मागनार न्हाई. माझी चुकी असती तर मागितली असती. हे बी लिव."

मी सुरुवात लिहून दाखवली. ते म्हणाले, "आपलं बेगटुस्टेट. त्यातलं बेग म्हंजी काय रं?"

"मागणं, काका. म्हणजे… भीक मागणं."

"भीक कशापायी? मी तर उत्तर देतोय."

"तो अर्थ नसतो. इंग्रजीत तशी पद्धत असते."

"पद्धत असंल तर असूं दे," ते म्हणाले.

त्यांना संध्याकाळी सायकलवर पोचवायला मी नदीपर्यंत गेलो होतो, हेही आठवतं. वाटेत त्यांनी मला इंग्रजीत सही कशी करायची ते विचारलं. "साहेबाच्या कागदावर साहेबाच्या भाषेत सही करू, काय?" नदीकाठी वाळूत काटकीने मी त्यांना त्यांचं नाव लिहून दिलं. त्यांनी ते दहा-बारा वेळा गिरवलं. त्यांची अक्षरं माझ्यापेक्षा मोठी आणि ठाम होती.

पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. माझ्याकडे पत्रलेखनाचं एक पुस्तक होतं. त्यात सुट्टीचा अर्ज होता, बदलीचा होता, शुल्कमाफीचा होता, उशीर झाल्याबद्दल वरिष्ठांना द्यायच्या खुलाशाचा होता. मी काहीही केलं नाही अशा अर्थाचं पत्र त्यात नव्हतं. मी उशिराच्या खुलाशाचा सांगाडा घेतला आणि त्यात पट्टा, प्रेस, शिकाऊ मुलं बसवली. 'वेरंटेर'च्या जागी शुद्ध शब्द घातले. ते वाचून मला वाटलं की सोपानकाका आता पुण्याच्या मुलांसारखे बोलतात. शेवटाला अडलो. त्या पुस्तकातलं प्रत्येक पत्र एकाच तऱ्हेच्या वाक्याने संपत होतं. झालेल्या त्रासाबद्दल मी अत्यंत नम्रपणे क्षमा मागतो आणि पुन्हा अशी चूक घडणार नाही याची खात्री देतो. सहामाहीच्या परीक्षेत मी ते वाक्य गाळलं होतं. प्राध्यापकांनी गुण कापले होते आणि वर्गात पेपर उंच धरून म्हणाले होते की असं पत्र म्हणजे निरोप न घेता निघून गेलेला पाहुणा. मुलं तेव्हाही हसली होती.

मी ते वाक्य घातलं.

इथे मला खोटं बोलायचं नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला त्याचा अर्थ लागला नाही, मी ते फक्त रीत म्हणून लिहिलं, 'आपला विश्वासू' लिहितात तसं. ते अर्धंच खरं आहे. वाक्य लिहिताना सोपानकाकांचं 'माफी मागनार न्हाई' माझ्या कानात होतं. पण शेवट नसलेलं पत्र कंपनीच्या मोठ्या साहेबापुढे जाईल, तो ते उंच धरेल आणि कुणीतरी हसेल, ही भीती जास्त मोठी होती. हसतील ते मला हसतील, कारण पत्र माझं होतं. सोपानकाकांची नोकरी त्यात होती, हे मला दिसत होतं. तरी पत्र मला माझंच वाटत होतं.

टायपिंगच्या क्लासमध्ये बसून मी ते टाइप केलं, कार्बन घालून दोन प्रती काढल्या. सोपानकाका आले तेव्हा ओट्यावर दादा होते, परबकाका होते. मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचून त्याचं मराठी सांगत गेलो. प्रत्येक वाक्याला ते मान डोलावत होते. शेवटच्या वाक्याशी आलो. ते मी इंग्रजीत वाचलं, आणि मराठीत म्हणालो, "आणि शेवटी आपलं नेहमीचं."

"नेहमीचं म्हंजी?"

"पत्र संपवायची पद्धत असते, काका."

परबकाका म्हणाले, "इंग्लिश ऐकून असा वाटता, की रेडिओच लागलो."

सगळे हसले. सोपानकाकांनी पाटावर कागद ठेवून दोन्ही प्रतींवर इंग्रजीत सही केली. वाळूत शिकलेलं नाव, मोठ्या ठाम अक्षरांत. एक प्रत घडी घालून खिशात ठेवली. दुसरी परवा कंपनीत देतो म्हणाले.

चौकशीच्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. दादा आणि आणखी तिघे साक्षीदार म्हणून सकाळीच इस्त्रीचे सदरे घालून गेले होते. ते दुपारी परत आले. भोंगा व्हायचा होता. दादा नळावर गेले नाहीत, सरळ आत येऊन खाली बसले. आईने पाणी दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"साक्षीची गरजच न्हाई म्हणाले," ते म्हणाले. "आम्ही चौघं बाहेर बाकावर बसलो होतो. अर्ध्या तासात साहेब बाहेर आला. म्हणाला, तुम्ही जा, यानं लेखी कबूल केलंय. माफी मागितलीये, पुन्हा करणार न्हाई म्हणून लिहून दिलंय. मग सोपान बाहेर आला. मी विचारलं त्याला, लिहून दिलंस? तर म्हणाला, व्हय, दिलं. दुसरं काही बोलला न्हाई. सायकल घेऊन गेला."

आई म्हणाली, "अहो, पण असं कसं लिहून देतील ते?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. "त्यानं सांगितलं तसंच लिहिलंस ना तू?"

मी म्हणालो, "हो."

"त्यानंच सांगितलं माफीचं?"

"हो," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांनंतर दादांनी मला त्या विषयावर कधीच काही विचारलं नाही. आठ दिवसांत सोपानकाकांना कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. युनियनने प्रकरण पुढे नेलं नाही. ज्याने स्वतःच कबूल केलं त्याच्यासाठी कुणी भांडायचं, असं ते म्हणाले, आणि त्यांचं तरी काय चुकलं. खात्यात बोललं जाऊ लागलं की मोशीकर आतून साहेबाला मिळाला होता, पण साहेबाने त्यालाही फसवलं. परबकाका एकदा ओट्यावर तसं म्हणाले तेव्हा दादांनी त्यांना थांबवलं नाही. नंतर आईला ते म्हणाले, "मी त्याला मानी समजत होतो. चूक नसताना माफी मागणारा माणूस कसा असतो ते मला त्याच्याकडं बघून कळलं." मी आत बसून अभ्यास करत होतो. पुस्तक उघडं होतं आणि मी एकच ओळ वाचत होतो.

सोपानकाका पुन्हा आमच्या ओट्यावर आले नाहीत. दादा मोशीला गेले नाहीत. आई दोन-तीनदा म्हणाली की जाऊन यावं, बायामाणसांची तरी विचारपूस करावी. दादा म्हणाले, "तुला जायचं तर जा." ती गेली नाही. मेथी आता बाजारातून यायची. एकदा मी भोसरीच्या बाजारात सोपानकाकांना लांबून पाहिलं. पोत्यावर भाजी मांडून बसले होते. मी त्यांच्यापर्यंत गेलो असतो तर सगळं सांगता आलं असतं. मी उलट्या बाजूने निघून गेलो. ओट्यावरचे वाद काही दिवस झाले, मग थांबले. मला हाक येईनाशी झाली आणि मी वही माळ्यावर टाकली. मी चांगल्या गुणांनी पास झालो. इंग्रजीत कॉलेजात दुसरा आलो. दादांनी चाळीत पेढे वाटले.

पुढे शाळेत मी नोकरीला लागलो आणि दर वर्षी पत्रलेखनाचा धडा शिकवत आलो. मुलं ते शेवटचं वाक्य पाठ करून यायची. मी त्यांना सांगायचो, हे लिहू नका, ज्याची चूक असेल त्यानेच लिहावं. परीक्षेत मात्र बोर्डाच्या नमुन्यात ते वाक्य असायचं, आणि ज्यांनी माझं ऐकलं त्यांचे गुण गेले. पालक भांडायला यायचे. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात ते जुन्या माणसांची नावं काढायचे, परबकाकांचं, खात्यातल्या कुणाकुणाचं. सोपानकाकांचं नाव त्यांनी काढलं नाही. मी उशाशी बसलेलो असायचो. खोलीत कधी कधी आम्ही दोघंच असायचो. तेव्हाही मी सांगितलं नाही.

इतकी वर्षं माझी एक समजूत होती, आणि ती मी एखाद्या दुखण्यासारखी सांभाळली होती. माझी समजूत अशी, की सोपानकाकांना ते वाक्य चौकशीच्या खोलीत पहिल्यांदा कळलं. साहेबाने मराठीत अर्थ सांगितला, आणि माझं नाव पुढे येऊ नये म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. मी त्यांना फसवलं आणि त्यांनी मला वाचवलं. ही गोष्ट वाईट होती, पण मला ती तोंडपाठ झाली होती.

गेल्या महिन्यात सकाळी दारात एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात मोटारीची किल्ली. "ओळखलं न्हाई ना सर? मी बाळू. मोशीचा. सोपानरावांचा." मोशीत आता शेतं राहिली नाहीत, इमारती झाल्या आहेत, आणि त्यांच्या वावरावरही एक झाली आहे, असं ते म्हणाले. मी त्यांना बसवलं. बायकोने चहा आणला.

"आबा गेले. तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "झोपेतच गेले, त्रास न्हाई झाला. पेटीत कागद सापडले. त्यात हे व्हतं. म्हणलं, तुमच्या हातचं, तुम्हाला दाखवावं."

कार्बनची प्रत होती. पातळ कागद घड्यांवर फाटत आला होता. खाली ती सही होती. मी शेवटच्या ओळीवर नजर जाऊ दिली नाही.

"एक विचारायचं व्हतं," ते म्हणाले. "घरात आमच्या ह्यावरनं अजून वाद हाय. आबांनी हा कागद कंपनीत द्यायच्या आदल्या दिवशी गावातल्या जुन्या मास्तरांना दाखवला व्हता. मी व्हतो तिथं, शाळेत जायचो तवा. मास्तर म्हणाले, सोपान, शेवटाला तू माफी मागितली आहेस, ही ओळ काढ. आबा म्हणाले, काढायची न्हाई. मास्तर म्हणाले, अरे अर्थ तोच होतो. मग आबा लई चिडले. म्हणाले, मास्तर, तुमचं इंग्रजी जुनं झालं. आमचं पोरगं पुण्याच्या कॉलेजात हाय. त्यानं सांगितलंय, तशी पद्धत असती. त्याच्यापरीस तुमाला जास्ती कळतं व्हय? मास्तरांशी मग ते कधीच बोलले न्हाईत. मरेस्तोवर म्हणायचे, साहेबानं उलटा अर्थ लावला, पोराचं लिवलेलं बराबर व्हतं."

चहावर साय धरली होती. बाळूने कप उचलला नाही.

"माझा थोरला पोरगा म्हणतो मास्तरांचं बरोबर. मी म्हणतो आबांचं. तुम्हीच लिहिलेलं, तुम्हीच सांगा आता सर. बरोबर कुणाचं?"

मी कागद हातात घेतला, शेवटची ओळ वाचली, आणि म्हणालो, "मास्तरांचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. कागदाची पुन्हा घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. उठताना एवढंच म्हणाले, "मंग आबा मास्तरांशी उगंच भांडले."